तिन्हीसांजेचे अंदाज

नवी मालिका सोमवारी सुरू होते, आणि तिचं आयुष्य किती याचा निकाल बावड्यातल्या घरांत बहुधा बुधवारी रात्रीच लागलेला असतो. वाहिनीने महिनाभर प्रोमो दाखवलेले असतात, नायिकेचा चेहरा पुण्या-मुंबईच्या चौकांतल्या फलकांवर झळकलेला असतो. इथे पीठ मळता मळता सून म्हणते, "आत्या, ही काय दिवाळी बघायची न्हाय." सासू म्हणते, "बघंल की. जेवायच्या येळंला हाय न्हवं." या दोन वाक्यांत मला सबंध विषय मावलेला दिसतो. सून मालिकेकडे बघून अंदाज बांधते, सासू घड्याळाकडे बघून. आणि माझं मत असं की सासूची पद्धत अधिक शास्त्रशुद्ध आहे.

बावडा इंदापूर-अकलूज रस्त्यावरचं गाव. नीरा जवळून वाहते आणि पुढे नीरा-नरसिंहपूरला भीमेला मिळते. आषाढीला तुकोबांची पालखी इंदापूरहून सराटीकडे जाताना इथे विसावते. एरवीचं गावाचं वेळापत्रक ऊस आणि दूध यांच्या हातात. पाच-साडेपाचला वैरण, मग धारा, मग किटली घेऊन डेअरी. घरी येऊन हातपाय धुवून देवापुढे दिवा लागेपर्यंत सात वाजतात. त्यानंतर भाकरी. म्हणजे साडेसहाची मालिका या घरात कुणी बसून बघू शकत नाही. सातची बघता येते, पण उठतबसत. आठची मालिका तर ऐकलीच जाते, कारण बघणारी तव्यापाशी असते आणि पडदा पुढच्या खोलीत.

इथे मला थोडं थांबायचं आहे. मराठी मालिकांवर टीका करणारे ज्या गोष्टींना हसतात त्या आठवून पाहाव्यात. पात्रं एकमेकांना दर वाक्यात नावाने हाक मारतात. एक धक्का बसला की तीन वेळा संगीत वाजतं. काल घडलेलं आज कुणीतरी कुणालातरी पुन्हा सांगतं. हे सगळं डोळ्यांनी बघणाऱ्याला असह्य होतं, आणि कानांनी बघणारीला त्याचाच आधार असतो. हाक मारल्यावर कोण बोलतंय ते तिला कळतं. संगीत वाजलं की ती तव्यावरची भाकरी उलटून दारापर्यंत येते, चेहरे बघते आणि परत जाते. लेखकाने हे ठरवून केलं असेल असं नाही. ज्या मालिका अशा होत्या त्या तगल्या, ज्या नव्हत्या त्या गेल्या, आणि उरलेल्यांवरून पुढच्यांनी धडा घेतला. अपवादही झाले. सतीश राजवाडे यांनी दिग्दर्शित केलेली 'असंभव' २००७ मध्ये आली. पूर्वजन्माचं गूढ असलेली ती मालिका डोळे लावून बघावी लागे, आणि तरीही दोन वर्षं चालली. तेव्हा भाकऱ्या लवकर उरकून घेतल्या जात. असं भाग्य फार थोड्या कथांच्या वाट्याला येतं.

पण सासूचा अंदाज कितीही अचूक असो, तिच्या बघण्याने मालिकेच्या आयुष्यात काही फरक पडत होता का? फार वर्षं याचं उत्तर 'नाही' असं होतं, आणि या सगळ्या प्रकरणात माझ्या मनाला सर्वांत जास्त लागणारी गोष्ट हीच आहे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे ते पुण्यात दिसू लागलं. त्या काळात टिकण्या-न टिकण्याचा प्रश्नच वेगळा होता. 'चिमणराव' असो की 'गजरा', कार्यक्रम किती दिवस चालावा हे केंद्र ठरवी. 'आमची माती, आमची माणसं' हा कार्यक्रम कुणी किती बघतं याची मोजदाद न करता वर्षानुवर्षं चालला, कारण तो असायला हवा असं कुणालातरी वाटत होतं. मग प्रायोजक आले आणि तेरा भागांची मंजुरी आली. तेरा आठवडे म्हणजे एक तिमाही. त्यात जमलं तर आणखी तेरा. आपल्याकडे पहिला हंगाम म्हणण्यासारखी गोष्ट असेल तर ती हीच. ७ जुलै १९८४ ला सुरू झालेली 'हम लोग' पहिल्या तेरा भागांत उपदेशामुळे जड झाली होती आणि लोक नाराज होते. मग कुटुंबनियोजनाचे धडे सौम्य करण्यात आले, घरातल्या माणसांची सुखदुःखं पुढे आली, आणि ती मालिका दीडशेहून अधिक भाग चालली. प्रेक्षकांची चार लाखांवर पत्रं आली. पोस्टकार्ड तेव्हा १५ पैशांना मिळे. मला वाटतं, खेड्यातल्या माणसाला स्वतःहून भाग घेता आला अशी टेलिव्हिजनची ती एकच मोजणी. पत्र पाठवायला घरात यंत्र असावं लागत नव्हतं.

त्यानंतर मोजणीची यंत्रं आली, आणि ती शहरांत बसवली गेली. १९९९ च्या स्वातंत्र्यदिनी अल्फा मराठी सुरू झाली, 'आभाळमाया' आली, मग ईटीव्ही मराठी, मग २००८ मध्ये स्टार प्रवाह. दर आठवड्याला टीआरपीचे आकडे येऊ लागले. पण ती मोजणी शहरांपुरती होती. बावड्यातल्या घराने 'वादळवाट' एक दिवस न चुकवता बघितली काय आणि टीव्ही बंद ठेवला काय, आकड्याच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. त्यातच भारनियमनाची वर्षं आली. गावठाणात संध्याकाळी दिवे असत तेव्हा मळ्यातल्या वस्त्या अंधारात असत. इंदापूर तालुक्यात माणसं गावठाणापेक्षा वस्तीवर जास्त राहतात. वस्तीवरची बाई गावात आली की आधी विचारायची, काल काय झालं? तिचं मालिका बघणं म्हणजे अर्धं ऐकीव होतं. तिला वगळून मराठी घराची एक प्रतिमा तयार झाली. दिवाणखाना, जिना, कंपनी, कोट घातलेले भाऊ. तिने ती दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखी बघितली.

२०१५ मध्ये 'बार्क' या संस्थेने मोजणी हाती घेतली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून ग्रामीण घरांचे आकडे त्यात धरले जाऊ लागले. रचना साधी आहे. प्रत्येक वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते. निवडलेल्या घरांतलं यंत्र टीव्हीच्या स्पीकरमधून ती खूण ऐकतं आणि घरातलं कोण बघतंय हे बटण दाबून नोंदवलं जातं. ही घरं कोणती हे गुप्त ठेवतात. २०२० च्या सुमारास देशात २१ कोटी टीव्हीची घरं होती आणि यंत्रं ४४ हजार घरांत. म्हणजे एका घरामागे पावणेपाच हजार घरांची आवड उभी. त्याच वर्षी काही घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिनी लावून ठेवायला सांगितल्याचं प्रकरण मुंबई पोलिसांनी बाहेर काढलं. एका घराचं मोल इतकं मोठं केल्यावर कुणीतरी ते विकत घ्यायला निघणारच.

तरीही ऑक्टोबर २०१५ नंतर काय घडलं ते बघण्यासारखं आहे. २०१६ मध्ये 'तुझ्यात जीव रंगला' आली. तालीम, कोल्हापुरी बोली, वसगड्याचा वाडा. २०१७ मध्ये 'लागिरं झालं जी', साताऱ्याकडचा फौजी. गावाकडच्या मराठीत नायक बोलू लागला, आणि तो विनोदासाठी ठेवलेला नोकर नव्हता. मोजणी बदलल्यामुळेच हे झालं असं मी सिद्ध करू शकत नाही. लेखक आणि निर्मात्यांची हौसही त्यात असेल, 'सैराट'सारख्या चित्रपटाचं यशही असेल. पण क्रम असा आहे, आणि मला तो योगायोग वाटत नाही. कोण टिकेल याचा अंदाज बांधणारा माणूस नकळत आधी एक प्रश्न सोडवत असतो: कुणाला मोजणार? त्याचं उत्तर बदललं की टिकणाऱ्या कथाही बदलतात.

नुसत्या काळावरून आयुष्याचा अंदाज बांधणारं एक गणितही आहे. रिचर्ड गॉट हे अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ १९६९ मध्ये बर्लिनची भिंत बघायला गेले होते. ही किती काळ उभी राहील, असा प्रश्न त्यांना पडला. भिंतीच्या आयुष्यातल्या कुठल्याही क्षणी आपण इथे आलो असू शकतो, तेव्हा तो क्षण मधल्या निम्म्या भागात असण्याची शक्यता पन्नास टक्के, एवढंच त्यांनी धरलं. त्यावरून निघतं ते असं की एखादी गोष्ट जितका काळ टिकली आहे त्याच्या एक तृतीयांश ते तिप्पट काळ ती अजून टिकेल, याची शक्यता निम्मी. पंचाण्णव टक्के खात्री हवी असेल तर मर्यादा एकोणचाळिसाव्या भागापासून एकोणचाळीसपटीपर्यंत ताणावी लागते. १९९३ मध्ये त्यांनी हे 'नेचर'मध्ये मांडलं आणि त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये चालू असलेल्या नाटकांवर लावून दाखवलं.

आपल्याकडे लावून बघू. तीन महिने चाललेली मालिका आणखी एक ते नऊ महिने चालेल, याची शक्यता निम्मी. अनुभवाशी हे बऱ्यापैकी जुळतं. आता 'चार दिवस सासूचे' घ्या. ती २००१ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. फेब्रुवारी २००२ मध्ये कुणी गॉटचं गणित मांडलं असतं तर पंचाण्णव टक्के खात्रीची वरची मर्यादा ११७ महिने, म्हणजे पावणेदहा वर्षं आली असती. मालिका जानेवारी २०१३ पर्यंत चालली. ती मर्यादासुद्धा तिने एका वर्षाहून अधिक काळाने ओलांडली. पण या गणिताचा खरा अडसर वेगळा आहे, आणि तो गॉट यांनीच सांगून ठेवला आहे. आपण आलो तो क्षण विशेष नसावा, ही अट आहे. लग्नाला गेलेल्या पाहुण्याने लग्न किती टिकेल हे या रीतीने काढू नये. पहिल्या सोमवारी मालिका बघणारा हा लग्नातला पाहुणाच. नव्या मालिकेबद्दल हे गणित मुकं आहे.

मग गुणवत्तेवरून अंदाज बांधावा का? २००६ मध्ये मॅथ्यू सॅल्गनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अप्रसिद्ध बँडची ४८ गाणी आणि १४ हजारांवर श्रोते. श्रोत्यांचे अलग अलग गट केले आणि आपल्या गटातल्या इतरांनी कोणतं गाणं किती वेळा उतरवून घेतलं ते त्यांना दिसू दिलं. गटागटांत वेगवेगळी गाणी वर आली. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा वर आली नाहीत, पण मधल्या साऱ्यांचं काहीही झालं. बावड्यात हे समजायला प्रयोग करावा लागत नाही. खुरपायला गेलेल्या बायकांच्या रांगेत ज्या मालिकेची गोष्ट निघते ती बाकीच्यांना बघावीच लागते. नाहीतर दिवसभर रांगेत मुकाट बसावं लागतं. पहिल्या आठवड्यात रांगेतल्या दोघी-तिघींनी काय बघितलं यावर सबंध वस्तीचं वर्ष ठरू शकतं, आणि ते त्या दोघी-तिघींच्या म्हशीने त्या दिवशी वेळेवर पान्हा सोडला की नाही यावर.

तरी एक अंदाज या भागात पुष्कळदा खरा ठरलेला मी पाहिला आहे. तो सांगायचा तर टीव्हीच्या फार मागे जावं लागतं.

रोज संध्याकाळी एक भाग, उद्या पुढचा, हा प्रकार इथे वाहिन्यांनी आणला नाही. चातुर्मासात देवळात किंवा कुणाच्या ओसरीवर पोथी लागे. श्रीधरांचा 'हरिविजय', 'रामविजय', 'पांडवप्रताप'. श्रीधर नाझऱ्याचे, सांगोल्याकडचे, म्हणजे या मुलखाचे शेजारीच. अठराव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत या पोथ्या रचल्या गेल्या आणि दोनशे वर्षांहून जास्त काळ गावोगाव वाचल्या गेल्या. श्रीधर १७२९ मध्ये गेले आणि त्याच वर्षी मोरोपंत जन्मले, जे पुढे बारामतीला येऊन राहिले आणि १७९४ मध्ये तिथेच वारले. मोरोपंतांनी सबंध महाभारत आर्यांत उतरवलं आणि रामायण एकशे आठ वेगवेगळ्या प्रकारांनी लिहिलं. त्या काळच्या एखाद्या जाणकाराला विचारलं असतं की दोन-अडीचशे वर्षांनी बारामती-इंदापूरच्या संध्याकाळी कुणाचं महाभारत ऐकू येईल, तर त्याने बारामतीच्याच पंतांचं नाव घेतलं असतं. पंत कीर्तनकारांच्या तोंडी आणि अभ्यासकांच्या हाती राहिले, 'केकावली'ने मोठा मान मिळवला. ओसरीवर मात्र श्रीधरांची ओवी राहिली, कारण ती दमलेल्या माणसाला कानाने कळत होती. मी इथे पंतांना उणं ठरवत नाही. त्यांच्या आर्येतली घडण श्रीधरांकडे नाही. पण ती घडण पुन्हा पुन्हा वाचून हाती येते, आणि दिवसभर राबलेल्याला ओळ पुन्हा वाचता येत नाही, ती ऐकून पुढे जावं लागतं.

पोथी ऐकणाऱ्याला शेवट माहीत असे. अभिमन्यू मरणार हे ठाऊक असून लोक त्या रात्री लवकर जेवून येत. मालिका उत्कंठेवर टिकते, हा लेखकांच्या खोलीतला समज मला त्यामुळे कधी पटला नाही. 'जय मल्हार' २०१४ पासून तीन वर्षं चालली. म्हाळसा आणि बाणाई यांचं काय होतं हे या भागात जागरण-गोंधळ ऐकत वाढलेल्या पोरालाही माहीत होतं. 'स्वराज्यरक्षक संभाजी' २०१७ च्या सप्टेंबरपासून फेब्रुवारी २०२० पर्यंत चालली. शंभूराजांना कैद करून ज्या बहादूरगडावर आणलं तो पेडगावचा किल्ला भीमेच्या काठी, तुळापूर भीमेच्या काठी, आणि तीच भीमा पुढे नरसिंहपूरला येते. शेवट घरोघर माहीत होता. तो शेवट जवळ येऊ लागला तसं लोक मालिकेपासून दूर गेले नाहीत, जवळ आले. आणि 'बाळूमामाच्या नावानं चांगभलं'. ऑगस्ट २०१८ मध्ये ती सुरू झाली तेव्हा शहरातल्या कितीजणांना बाळूमामांचं आदमापूर माहीत होतं? इथल्या धनगर वस्त्यांना मामांच्या मेंढरांचे बग्गे माहीत होते. बग्गा शिवारात आला की त्याची सेवा करायला माणसं धावत होती. त्या मालिकेने पाच वर्षं सहज ओलांडली. सगळ्याच भक्तिमालिका तगतात असं अजिबात नाही, कित्येक चार-सहा महिन्यांत गेल्या. जिथे गोष्ट आधीपासून गावात वावरत असते आणि पडदा फक्त तिला रोजची वेळ देतो, तिथे मी टिकण्याच्या बाजूने कौल देतो.

पण टिकणं हे मालिकेच्या भल्याचंच असतं, हे मान्य करायला माझं मन तयार होत नाही. उसाची पहिली तोड झाल्यावर शेतकरी फुटवा किती आणि नांग्या किती बघतो आणि खोडवा ठेवायचा की मोडायचा ते ठरवतो. तिसऱ्या-चौथ्या खोडव्याला उतारा घसरणार हे जाणून बहुतेकजण तो वेळेत मोडतात. वाहिनी मोडत नाही. आकडा आहे तोवर कथा चालते. नायिकेची स्मृती जाते, मेलेला परत येतो, सात वर्षांची उडी मारली जाते. सुरुवातीला ज्या बाईचं दुःख खरं वाटलं होतं तिच्यावर पाचव्या वर्षी विश्वास बसत नाही. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' २०१२ मध्ये आली आणि लोकप्रिय असताना त्याच वर्षी संपली. 'दिल दोस्ती दुनियादारी'ही वर्षभरात आटोपली. त्या दोन्हींतली माणसं आजही प्रेक्षकांच्या बोलण्यात पूर्ण, न विस्कटलेली येतात. लेखकाला पहिल्याच दिवशी भागांची संख्या ठरवून द्यावी, दीडशे तर दीडशे, असं मी मनापासून म्हणेन. याची दुसरी बाजू मला दिसते. मालिका बंद पडते तेव्हा रोजावर काम करणारे प्रकाशयोजनेचे, वेशभूषेचे, चहापाण्याचे शंभरभर लोक पुढच्या सोमवारी घरी बसतात. २०२० च्या मार्चमध्ये चित्रीकरणं थांबली तेव्हा हे उघड्यावर आलं. ठरलेल्या तारखेला संपणारी मालिका त्यांनाही पुढचं काम शोधायला अवधी देईल, आज तोही मिळत नाही.

आणि आता सासूचं घड्याळही पूर्वीइतकं भरवशाचं राहिलेलं नाही. सून आजचा भाग टीव्हीवर येण्याआधी मोबाइलवर बघू शकते. दुपारची भांडी झाली, जनावरांना पाणी दाखवलं की धारांपर्यंत तासदीड तास तिचा असतो. पाठ टेकते, कानाला हेडफोन लावते. निवडलेल्या घरांतल्या यंत्राला स्पीकरचा आवाज लागतो, तिच्या कानातला त्याला ऐकू जात नाही. टीआरपीच्या हिशेबातून ती पुन्हा बाहेर गेली आहे. मोबाइलवरचं अॅप मात्र तिला मोजतं, यंत्रापेक्षा बारकाईने: कुठे थांबली, काय पुढे ढकललं, कितव्या मिनिटाला सोडून दिलं. ते आकडे दर आठवड्याला जाहीर होत नाहीत, ते कंपनीकडेच राहतात. आठ वाजता टीव्ही लागतो तेव्हा तिला पुढचं सगळं माहीत असतं, आणि तरी ती भाकऱ्या थापताना पुन्हा ऐकते. सासू विचारते, "आज काय हुतंय गं?" ती सांगत नाही. "बघा की आत्या," म्हणते. येत्या सोमवारी सुरू होणारी मालिका दिवाळी बघेल की नाही हे ज्याला जाणून घ्यायचं असेल, त्याने अडीच ते चारच्या दरम्यान तिला गाठावं.